रविवारची घंटा

आधीच सांगून टाकते, मी कमालभाईंकडे कामाला लागले ती काही त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी नाही. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती म्हणून. जयदीप, म्हणजे माझा नवरा, पेट्रोकेमिकलच्या प्लांटवर पहाटे पाचला जातो. ओंकार बारावीत, मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत आणि तेही एका शब्दात. मग उरलं कोण? मी, एसी आणि कुवेतमधल्या एगैलाच्या आमच्या फ्लॅटसमोरचं मॉलचं पार्किंग. नाशिकला मी अकरा वर्षं एका शाळेच्या ऑफिसात होते. दाखले, हजेरी, जनरल रजिस्टर, सगळं माझ्या हाताखालून जायचं. माझ्यासारख्या बाईने दिवसभर पार्किंगमधल्या गाड्या किती मोजायच्या? जयदीपच्या ओळखीत कुणीतरी म्हणालं, फहाहीलला एका डिरेक्टरीवाल्यांना आठवड्यातून तीन दिवस माणूस हवंय. म्हटलं, डिरेक्टरी तर डिरेक्टरी.

ऑफिस म्हणजे फहाहीलच्या बाजारात अत्तराच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यातच ऊदाचा वास सुरू होतो आणि घरी गेलं तरी ओढणीतून जात नाही. मालक हुसेन, वयस्कर कुवेती गृहस्थ. त्यांचे आजोबा नाखवा होते. लाकडी जहाजात खजूर भरून आपल्या किनाऱ्याला यायचे आणि तिथून आफ्रिकेला जायचे. नातवाने तीच वाट कागदावर चालू ठेवली आहे. आफ्रिकेतल्या खासगी शाळांची डिरेक्टरी, दरवर्षी एक. शाळांना बाकं आणि प्रयोगशाळेचं सामान विकणारे ती घेतात, पुस्तकवाले घेतात, तिकडे नोकरी शोधणारे आपल्याकडचे मास्तर घेतात. ओंकार म्हणाला, "मम्मा, हू यूझेस अ बुक? जस्ट गूगल इट." खरं तर मलाही तसंच वाटत होतं, पण त्याच्यासमोर कबूल केलं नाही.

खिडकीशी एक गृहस्थ बसलेले. साठीच्या आसपास, किडकिडीत, बारीक कापलेली पांढरी दाढी, खिशाला दोन पेनं. हे कमालभाई, रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाणकोटचे. शिक्षण सातवी. मी मनात म्हटलं, अरे वा, सातवी शिकलेला माणूस अख्ख्या खंडाच्या शाळा सांभाळतोय. माझं बी.कॉम. आहे, तेव्हा नाक थोडं वर होतंच.

त्यांच्या टेबलाशेजारी एक लोखंडी स्टँड होता. त्याला तीन वस्तू टांगलेल्या. ट्रकच्या चाकाची गंजलेली रिम, हातभर लांबीचा रेल्वेचा रूळ आणि पितळेची हातघंटा. रिम आणि रूळ त्यांनी अम्गराच्या भंगारवाल्यांकडून शोधून आणले होते.

"ताई, डोळे मिटा," ते म्हणाले.

"कशाला?"

"मिटा तर."

मिटले. ठण्ण करून काहीतरी वाजलं.

"काय वाजलं?"

"लोखंड," मी म्हटलं. नोकरीला आले होते, भोंडल्याला नाही. राग आलाच होता.

"लोखंड तर दोन्ही हाय. ही रिम होती. रिमचा आवाज पसरतो, रुळाचा टोचतो. आठ दिवसांत कळायला लागेल."

मग त्यांनी कामाची रीत समजावली. कुठलीही शाळा डिरेक्टरीत जायची तर दरवर्षी तिची घंटा फोनवरून ऐकायची. पत्ता, फोटो, वेबसाइट, लेटरहेड, काही चालत नाही. हेडमास्तरांना सांगायचं, फोन बाहेर धरा आणि घंटा वाजवा. घंटा वाजली आणि मागोमाग पोरांचा गलका ऐकू आला की शाळा चालू. तीन वेळा फोन करूनही काही ऐकू आलं नाही तर शाळा यादीतून बाहेर. मधलं काही नाही.

"हे काय खूळ?" मी तोंडावरच विचारलं.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सांगायला लागले. एकोणीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या डिरेक्टरीत त्यांनी आलेल्या पत्रांवर भरवसा ठेवून नावं घातली होती. ती वाचून इथले एक मास्तर बायकोला घेऊन तिकडे नोकरीला गेले. बसमधून उतरले तर मोकळं मैदान आणि त्यात शाळेची नुसती पाटी. तिथून त्या मास्तरांनी कमालभाईंना फोन केला होता. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," कमालभाई म्हणाले. "पण ते एवढंच बोलले, इथे पोरांचा आवाज नाही हो. तेव्हापासून मी आधी आवाज ऐकतो."

मी खूळ हा शब्द मागे घेतला. माझ्या बाबतीत हे फार वेळा होत नाही.

पुढे त्यांनी कार्डांची कपाटं उघडली आणि मी खरंच तोंडात बोट घातलं. पहिल्या वर्षी शाळा होत्या एकशे नव्वद, सगळ्यांची कार्डं एका बुटाच्या खोक्यात मावलेली. आता सहा हजारांवर. कॉम्प्युटरवर सगळं आहेच, पण कार्डं त्यांनी सोडलेली नाहीत. प्रत्येक कार्डावर वर्षागणिक एक ओळ, आणि त्या ओळीत घंटेचा रकाना. घानातल्या एका कार्डावर मी वाचलं: टाळ्या, टाळ्या, टाळ्या, डबा, रिम, रिम, हातघंटा, वीज. मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं की ती बाई आधी स्वतःच्या ओसरीवर आठ मुलं शिकवायची, टाळ्या वाजवून बोलवायची. आता तिची तीन मजली शाळा आहे आणि विजेची घंटा आहे. नायजेरियातल्या एकाच गल्लीतली अकरा कार्डं होती, एकीला एक लागून अकरा शाळा. "एकीची घंटा वाजवा म्हटलं की चारींची ऐकू येते," ते म्हणाले. "मग विचारायचं, बाबा, यातली तुमची कुठली?"

मी आयुष्यभर शाळेत काम केलं, पण शाळा उगवते कशी हे कधी पाहिलं नव्हतं. आमची नाशिकची शाळा माझ्या जन्माआधीपासून उभी होती. इथे कुवेतला आपल्या पोरांना खासगी शाळेशिवाय पर्याय नाही, म्हणून ओंकारला घातला, बसचा नंबर पाठ केला, संपलं. आणि इथे एक माणूस खिडकीशी बसून एका खंडात शाळा रुजताना ऐकत होता. त्यातल्या कित्येक बंद पडतात, काही मालक लबाड निघतात, हेही तेच सांगायचे. बंद पडलेल्यांची कार्डं त्यांनी वेगळ्या कपाटात जपून ठेवली आहेत.

"तुम्ही कितीदा गेलात आफ्रिकेला?" मी एकदा विचारलं.

"एकदापण नाय."

त्यांची आई मोंबासात जन्मलेली. लग्न होऊन बाणकोटला आली ती तिकडची स्वाहिली भाषा घेऊनच. मुलांना ओरडायची स्वाहिलीत, जोजवायचीही स्वाहिलीत. त्या भाषेच्या जोरावर हुसेन साहेबांनी यांना आपल्या दुकानातल्या मापाऱ्याच्या जागेवरून उचलून या खुर्चीत बसवलं. आईने जिथली झाडं सांगितली, बंदर सांगितलं, तिथे हा माणूस कधी गेला नाही आणि रोज तिथेच असतो. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर म्हणतात, आणि तो माझ्यात सहजासहजी येत नाही.

सगळ्या कार्डांमध्ये त्यांचं एक लाडकं कार्ड होतं. टांझानियात समुद्रापासून आत एका गावात नीमा नावाच्या बाईंची शाळा. त्यांना ते म्वालिमू नीमा म्हणायचे, म्वालिमू म्हणजे शिक्षक. आंब्याच्या झाडाखाली नऊ मुलं आणि फांदीला टांगलेली लॉरीची रिम, इथून सुरुवात. बारा वर्षांत चार खोल्या झाल्या, मुलं एकशे सहा झाली, रिम मात्र तीच. यंदा त्यांची मुलं पहिल्यांदाच सातवीच्या परीक्षेला बसणार होती. आणि शाळांना पुस्तकांच्या पेट्या पाठवणाऱ्या एका संस्थेने यंदा नीमाबाईंची शाळा निवडली होती. अट एकच, यंदाच्या डिरेक्टरीत नाव हवं. "सातवीच्या वर्गात एका पुस्तकात आठ डोकी बघतात," कमालभाई सांगायचे. "पेट्या गेल्या की एकेकाला एकेक मिळेल." हे ते मला महिन्यातून चार वेळा तरी सांगत.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचं, हिबाचं लग्न ठरलं. महिनाभरासाठी बाणकोटला निघाले. जाताना मला म्हणाले, "ताई, आता तुमचे कान तयार झालेत. माझी कार्डं तुमच्यावर सोपवतो."

मी फुशारले. कामाची वाटणी आखली. माझे तीन दिवस रविवार, सोमवार, मंगळवार. रविवारी डोकं ताजं असतं म्हणून टांझानिया, सोमवारी केनिया, मंगळवारी घाना आणि नायजेरिया. पहिल्या रविवारी टांझानियाचे फोन लावले. फक्त वसतिगृहाच्या शाळांनी उचलले, बाकी कुणीच नाही. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. एकशे त्रेचाळीस शाळा गप्प. सोमवारी केनिया मात्र ठणठणत होता. मी जयदीपला जेवताना सांगितलंसुद्धा, टांझानियात खासगी शाळांचं दिवाळं निघालंय बरं का. वर एक तक्ता काढला, रंगीत. आणि एकशे त्रेचाळीस कार्डांवर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: बंद.

नीमाबाईंच्या कार्डावर लिहिताना हात जरा थबकला. बाणकोटला फोन करावा असं वाटलंही. पण लग्नघर आहे, कशाला त्रास द्या, आणि नियम तर नियम, असं म्हणून लिहून टाकलं.

कमालभाई एका बुधवारी परतले, म्हणून माझा दिवस नसतानाही मी ऑफिसला गेले. रविवारी सकाळी दहाला छापखान्याला फाइल जायची होती. त्यांनी मला लाडू दिले, मी त्यांना तक्ता दिला. त्यांनी टांझानियाच्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "ताई, टांझानियाला कुठल्या वारी फोन केलेत?"

"रविवारी. तिन्ही रविवारी, सकाळी नऊला. घड्याळ तर आपलं नि त्यांचं एकच आहे."

"घड्याळ एकच हाय," ते म्हणाले. "वार नाय."

रविवारी सुट्टी असते. अहो, जगात रविवारी सुट्टी असते. नाशिकला अकरा वर्षं मी शनिवारी दुपारपासून रविवारची वाट बघितली आहे. पण कुवेतची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आणि चौदा वर्षं इथे राहून रविवार माझ्यासाठी डबे भरायचा वार झाला होता. मी एकशे त्रेचाळीस कुलूपबंद शाळांना तीन-तीनदा फोन केले होते आणि त्यांच्यावर बंद म्हणून शिक्का मारला होता.

रडू आलं. लाज वाटली. कमालभाई उठले, दोन ग्लास बिनदुधाचा सुलेमानी चहा आणला, एक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "गुरुवार हाय, शुक्रवार हाय. दोन दिवस तिकडच्या शाळा भरलेल्या असतील."

गुरुवारी आम्ही दोघं आठ वाजताच बसलो. शुक्रवारी इथली सुट्टी, तरी हुसेन साहेबांनी किल्ली दिली. जयदीपला मी ओढूनच आणलं. तो कुरकुरत आला, पण पहिल्या शाळेची घंटा ऐकली आणि तिथून जागचा हलला नाही. एका ठिकाणी आमच्यासाठी घंटा वाजवली तर पोरं मधली सुट्टी समजून मैदानात धावली, मास्तर फोन सोडून त्यांच्यामागे. एका ठिकाणी कोंबड्याच जास्त ऐकू आल्या. जुम्म्याच्या नमाजाला कमालभाई तासभर गेले, तेव्हा मी एकटीने बावीस घंटा ऐकल्या. रूळ, रिम, वीज, हातघंटा. बंद खोडून चालू लिहिताना माझ्या अंगावर काटा येत होता. दोन दिवस मी बसले होते फहाहीलमध्ये, आणि कानात एक अख्खा देश शाळेत चालला होता. संध्याकाळपर्यंत एकशे बेचाळीस झाल्या.

राहिली एक. नीमाबाईंची. गुरुवारी फोन बंद. शुक्रवारी बंद. शनिवारी मी घरून दहादा लावला, बंद.

रविवारी सकाळी साडेसातला मी ऑफिसात पोचले तर कमालभाई आधीच आलेले. कार्ड त्यांच्यापुढे होतं.

"लिहा चालू," मी म्हटलं. "चूक माझी आहे. ती शाळा चालू आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"मलापण वाटतंय चालू असेल."

"मग?"

"नुसतं वाटतंय ते या पुस्तकात जात नाय, ताई. ऐकलेलं जातं."

माझं डोकं फिरलं. मी बरंच बोलले. म्हटलं, तुमचा नियम घेऊन काय चाटायचाय, सातवीच्या पोरांनी परत एका पुस्तकात आठ डोकी घालायची ती माझ्यामुळे? ते ऐकत होते. मला दिसत होतं की त्यांचे डोळे भरलेत. बारा वर्षं ज्या शाळेवर जीव लावला तिच्यासाठीसुद्धा हा माणूस खोटं लिहायला तयार नव्हता. माझा आवाज आपोआप खाली आला. त्या मैदानात उभे राहिलेले मास्तर मला आठवले.

"आज तर रविवारच आहे," मी शेवटी म्हटलं. "आज कोण असणार?"

"कोण नाय," ते म्हणाले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. लांबचा नंबर. कमालभाईंनी स्पीकर लावला. पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज, इंग्रजीत.

"मिस्टर कमाल, मी नीमा. आज तुम्ही अजून फोन का केला नाही?"

कमालभाई स्वाहिलीत काहीतरी पुटपुटले. बाई मात्र थांबायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, मी फोन शाळेच्या कपाटात ठेवते. तीन सोमवार बघते आहे, कुवेतचा रविवारचा फोन येऊन गेलेला. तुमच्या मोबाईलवर लावला तर तो बंद. मग या आठवड्यात गावची वीजच गेली, माझाही फोन मेला, तो काल रात्री बाजारातून चार्ज होऊन आला. मी म्हटलं, कुवेतवाले आता रविवारी घंटा ऐकतात, त्यांचा काही नियम असेल. नियम तर नियम.

"म्हणून मी आज शाळा भरवली आहे," त्या म्हणाल्या. "सगळे आलेत. चर्चच्या कपड्यांत आलेत, पण आलेत. ऐका."

आणि रिम वाजली. मी डोळे मिटले नव्हते, तरी ओळखली. आवाज पसरत गेला, आणि मागोमाग एकशे सहा पोरांचा गलका. माझ्या चुकीसाठी एका गावाने रविवारी शाळा भरवली होती. मी टेबलाला धरून उभी राहिले आणि तशीच रडले.

कमालभाईंनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मी बंद खोडलं, चालू लिहिलं, घंटेच्या रकान्यात रिम लिहिलं. मग फोनपाशी वाकून नीमाबाईंना माझं नाव सांगितलं आणि माफी मागितली. चूक माझी होती, आमचा असा काही नियम नाही, मुलांना घरी सोडा, आज रविवार आहे, असं सगळं सांगितलं.

बाई मोठ्याने हसल्या.

"आता आलीच आहेत," त्या म्हणाल्या, "तर पाढे घेते."

त्यांनी फोन तसाच ठेवला असावा, कारण लगेच पोरांचे पाढे सुरू झाले. दहाला फाइल पाठवायची होती. कमालभाई आणि मी सातच्या पाढ्यापर्यंत ऐकत बसलो.